सांगली-मिरजेत गाणं-बजावणं वाढायचं तर शहरानं नेमकं काय करावं?

खर्जपंचम

आपल्याकडे संगीताची परंपरा किती मोठी, हे इथे कुणाला सांगायला नको. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं. उरुसातली सभा आजही त्यांच्या नावानं भरते. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले ते मिरजेतच. संगीत नाटकं लिहिणारे देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. एवढं सगळं असून आज मिरजेत शिकणाऱ्या विशीतल्या मुलीला वर्षातून किती वेळा लोकांसमोर तासभर गायला मिळतं? वार्षिक सभेत दहा मिनिटं आणि परीक्षेत वीस, यापुढे गाडी फारशी जात नाही.

उरुसाची सभा आणि अंबाबाईचा नवरात्र महोत्सव आपल्याकडे आहेतच आणि ते मोठे आहेत. आणखी एक महोत्सव करून काही वाढणार नाही. माझं म्हणणं असं आहे की शहराला ८० माणसं बसतील अशी एक चांगली खोली हवी, महिन्यातला एक ठरलेला वार हवा आणि कलाकाराला ठरलेलं मानधन त्याच रात्री मिळायला हवं. या तीन गोष्टी दोन वर्षं न चुकता झाल्या तर बाकीचं हळूहळू जमतं.

खोलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घोटाळा तिथेच होतो. भारतीय बैठकीत माणशी ५ चौरस फूट धरा. ८० माणसांना ४०० झाले. १२ × ८ फुटांची बैठक घातली की आणखी ९६. वाट आणि चपला धरून ६०० चौरस फूट, म्हणजे ३० × २० ची खोली पुरते. उंची ११ फूट असेल तर घनफळ ६,६०० घनफूट होतं. आता घुमण्याचा हिशेब: ०.०४९ गुणिले घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण, म्हणजे भिंती, सामान आणि माणसं मिळून किती आवाज गिळतात ते. उत्तर सेकंदांत येतं. आवाज थांबल्यावर तो विरायला किती वेळ लागतो ते यातून कळतं. नुसत्या गिलाव्याच्या खोलीचं शोषण जेमतेम ७० एकक असतं, म्हणजे रिकामी खोली साडेचार सेकंदांहून जास्त घुमणार. बसलेला माणूस साधारण साडेचार एकक शोषतो. ८० माणसं आली की पाऊण सेकंद, आणि गाण्याला हे उत्तम. पण ३० जणच आले तर दीड सेकंदाच्या वर जातं आणि द्रुत तानेची माती होते.

नव्या उपक्रमाला पहिले सहा महिने ३० माणसंच येतात. म्हणून खोली भरलेली धरून आखू नका, ३० माणसांसाठी आखा. मागच्या भिंतीला आणि एका बाजूला मिळून २०० चौरस फूट जाड सुती पडदा लावायचा. दुप्पट चुण्या, भिंतीपासून चार इंच पुढे. जमिनीवर सतरंजी. एवढ्यावर ३० माणसांतही घुमणं एका सेकंदाच्या आसपास येतं. गर्दी वाढली की पडदा सरकवून अर्धा उघडायचा. गाणाऱ्याच्या मागची भिंत मात्र उघडी ठेवा, नाहीतर आवाज मरतो आणि गायक ताणून गातो.

खोली निवडताना ३० × २० × १० असं मोजमाप टाळा. लांबी-रुंदी-उंची एकमेकांच्या पटीत असली की तिन्ही दिशांचे नाद एकाच ठिकाणी, ५६ हर्ट्झच्या आसपास, साचतात आणि डग्गा नुसता भुंकतो. पत्र्याचं छत असेल तर जून ते सप्टेंबर विसरा.

धा_तिरकिट

पंखे राहिले. जुन्या पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला की तो गुंजतो आणि त्याच लाइनवर मिक्सर असेल तर ती गुंज स्पीकरमध्येही येते. बीएलडीसी, म्हणजे रिमोटवर चालणारे नव्या मोटरचे पंखे घ्या, नाहीतर साउंडसाठी वेगळं सर्किट ओढा. अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायरमनला बोलवा, मग साउंडवाल्याला.

८० माणसांच्या खोलीत गळ्याला माइक लागतच नाही. माइक नसला की तबलजी आपोआप हात आवरतो. अडचण एवढीच की आजकालच्या गाणाऱ्यांना मॉनिटरची, म्हणजे स्वतःकडे तोंड केलेल्या स्पीकरची सवय असते. त्यांना एक लहान मॉनिटर द्या, त्यात फक्त तंबोरा आणि गळा. तबला त्यात घातला की प्रत्येकजण दुसऱ्याच्या वर जायला बघतो आणि अर्ध्या तासात बैठक बिघडते.

माइक लावायचेच असतील तर गळ्याला वीतभरावर एक, दाया-डग्ग्याला मिळून दोन, पेटीला हातभरावरून एक आणि तंबोऱ्याला घोडीजवळ (तारा टेकतात ती पट्टी) एक. पाच चॅनल झाले. मिक्सरवरचं इकोचं बटण शून्यावर. गायकाला 'सा' लावायला सांगून सर्वांत मोठ्या आवाजाला मिक्सरवरचा पीक दिवा (आवाज फाटतोय असं सांगणारा) लागत नाही ना ते बघायचं, मग बाकीचे त्याच्या खाली बसवायचे. हे सगळं प्रेक्षक यायच्या पाऊण तास आधी. लग्नाच्या साउंडवाल्याला हे शिकवता येतं. त्याच्याकडे सामान चांगलं असतं, त्याला ऐकायचं काय ते कुणी सांगितलेलं नसतं. महानगरपालिकेनं नाट्यगृहातल्या ऑपरेटरांसाठी आणि शहरातल्या साउंडवाल्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं तरी फरक पडेल.

वखारभाग

खोलीचं पटलं. आता कागदांचं लिहितो, कारण हौशी मंडळं तिथेच थकतात.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, पण बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतं. उघड्यावर करायचं तर राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं आणि ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रातच संपतात. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येतं आणि तिथे ५० आणि ४०. मिरजेत हे फार महत्त्वाचं, कारण तिथे पावलोपावली दवाखाना आहे. जागा पक्की करायच्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन ती शांतता क्षेत्रात येते का ते लेखी विचारा.

कर: शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमासाठी कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी नाही. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावरही नाही. मासिक मैफल या दोन्हींच्या कितीतरी खाली बसते.

कॉपीराइट: बंदिशी पारंपरिक असतील तर प्रश्न नाही. नाट्यपदांत कवी आणि संगीतकार दोघांचं बघावं लागतं. मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. देवल १९१६ मध्ये गेले, खाडिलकर १९४८ मध्ये, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणजे त्यांचं मोकळं झालं. अलीकडची भावगीतं, सिनेगीतं तिकीट लावून गायची तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना लागतो. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसाठी केलेल्या कार्यक्रमाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण देणगीपेटी ठेवली की ती सूट वादात येते. सरळ परवाना काढा.

महानगरपालिकेचं: महानगरपालिका अधिनियमात अनिवार्य कर्तव्यं कलम ६३ मध्ये, ऐच्छिक ६६ मध्ये. संगीत ऐच्छिकात येतं, म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. "संस्कृतीसाठी मोठा निधी द्या" असं मागून काही होत नाही. लहान, नाव असलेली, दरवर्षी तीच राहील अशी रक्कम मागा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात गेला पाहिजे. मार्चमध्ये गेलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो.

हरिपूरकर

वखारभाग, लहान रक्कम म्हणजे किती? एका मैफलीचा हिशेब मांडता का कुणी?

खर्जपंचम

नमुन्यादाखल मांडतो, आकडे आपापल्या गावच्या दरानं बदला.

गायक ४,०००, तबला २,०००, पेटी २,०००, साउंड १,५००, खोलीचं वीज-सफाई ५००, चहा-पाणी ७००. एकूण १०,७००. जमा: वर्षाला १,२०० रुपये भरणारे ६० सभासद, म्हणजे ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. दारावर १५० रुपयांची २० तिकिटं, ३,०००. तूट १,७०० रुपये. वर्षाची तूट २०,४००. महानगरपालिकेकडे मागायची रक्कम ही. एवढी तर एका स्वागतकमानीला जाते.

दोन गोष्टींवर तडजोड नको. साथीदारांचं मानधन गायकाच्या हातात न देता त्यांना वेगळं, त्याच रात्री द्या. आणि 'नाव होईल' म्हणून कुणालाही फुकट गायला बोलावू नका. फुकट गाणारा मुलगा वर्षभरात पुण्याला निघून जातो किंवा नोकरीत अडकून गाणं सोडतो, आणि मग आपण म्हणतो की तरुण येत नाहीत.

सभासद आधी, तिकीट नंतर. दर महिन्याला नव्यानं तिकिटं खपवायला लागली की आयोजक पाचव्या महिन्यात दमतात.

जवारी

खोली झाली, पैसे झाले. वाद्याचं काय? मिरजेत तंबोरे बनतात आणि मिरजेतलीच शिकणारी मुलं मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर गातात, ही गोष्ट मनाला लागते. कारण साधं आहे. चांगला तंबोरा शिकणाऱ्याच्या घराला परवडत नाही, आणि घेतला तर सांभाळायचा कसा ते कुणी सांगत नाही.

यावर उपाय वाद्यपेढीचा. ग्रंथालयातून पुस्तक नेतात तसा तंबोरा न्यायचा. सुरुवातीला चार तंबोरे पुरेत. दोन मर्दानी, पेटीच्या काळी १ ते पांढरी २ या पट्ट्यांसाठी. दोन जनानी, काळी ४-५ साठी. दोन पेट्या, दोन तबलाजोड्या. अनामत घ्या, भाडं नाममात्र ठेवा, आणि प्रत्येक वाद्याची वही ठेवा: कधी नेलं, कोणती तार बदलली, जवारी कधी काढली.

बिघडतं काय ते सांगतो. भोपळा चारचाकीच्या मागच्या सीटवर उन्हात राहिला की तडकतो, सांधा उकलतो. खोक्यावर कापूस गुंडाळून काही होत नाही, आत भोपळ्याला चहूबाजूंनी आधार हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खुंट्या सैल होतात, पावसाळ्यात फुगून अडकतात. अडकलेली खुंटी पक्कड लावून पिळली की दांडीचं भोक मोठं होतं, आणि मग ती कायमची घसरते. खुंटी थोडी बाहेर ओढून खडू लावायचा, मग आत दाबत फिरवायची. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला बारीक उतार. तार जिथे टेकते तिथे खाच पडली की आवाज बसतो, आणि तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी खुलत नाही. मग घोडी घासून घ्यावी लागते, आणि ते काम कारागिराचंच. घरी पॉलिश पेपरनं घासू नका.

इथे शहराचा फायदा होतो. वाद्यपेढीनं सतारमेकरांपैकी एखाद्या कारखान्याशी वर्षाचा देखभालीचा करार केला की तिथल्या शिकाऊ मुलाला बाराही महिने काम मिळतं. मिरजेतली ही कला टिकायची तर पुढच्या पिढीला त्यात पोट भरता आलं पाहिजे. मानांकनाचंही तसंच. मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक कारागिराला ते नाव आपोआप वापरता येत नाही. त्यानं स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि तो अर्ज भरायला मदत करणारं एक टेबल महानगरपालिकेत असावं.

आणि पेढीची जागा पूररेषेच्या वर. २००५, २०१९, २०२१ तीनदा सांगलीत पाणी शिरलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी ३५ ला आलं की वाद्यं वरच्या मजल्यावर किंवा मिरजेला, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. कोण हलवणार, कोणाच्या गाडीतून, तेही.

हलगी_घुमकं

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण धागा सतार-तंबोऱ्यावरच फिरतोय.

शाहीर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, तमाशातले काळू-बाळू कवलापूरचे. या जिल्ह्याचं अर्धं संगीत फडात, जत्रेत आणि शेतात घडलंय. शहरानं 'संगीत' म्हटलं की त्यात हे सगळं धरलं पाहिजे, आणि लोककलेला महोत्सवाच्या उद्घाटनात दहा मिनिटं देऊन वाटेला लावू नये.

धनगरांच्या गजनृत्याला रंगमंच नको. त्याला ३५-४० फूट व्यासाचं मोकळं मैदान हवं, माणसं सभोवार. प्लायवूडच्या पोकळ मंचावर ढोल आणि पाय एकत्र घुमतात, काहीच कळत नाही. आमराईसारख्या बागेत संध्याकाळी ५ ते ७, विनास्पीकर, एवढीच व्यवस्था पुरे. विनास्पीकर असलं की ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा प्रश्नच येत नाही.

हलगीचं सांगतो. कातडी हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. नाट्यगृहात जाळ करू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. पण मग वादक शेकल्याशिवाय वाजवतो, आवाज फुटतो, आणि लोक म्हणतात फायबरचीच बरी. नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात शेकायची जागा, वाळूची बादली आणि एक अग्निशामक ठरवून ठेवा. हलगी, घुमकं मंचावर आणायच्या आधी पाच मिनिटं शेकायला द्या. पावसाळ्यात दहा.

खर्जपंचम

मान्य, मनापासून. बारा महिन्यांतले चार महिने लोककलेचे, आणि ते उघड्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीतले. मूळ आराखड्यात तसा बदल करू.

बेस_विश्रामबाग

बँडवाल्यांचं कुणी ऐकेल का? विश्रामबाग भागात महाविद्यालयं आहेत, गिटार-ड्रम वाजवणारी मुलं आहेत, रॅप करणारी आहेत. त्यांना मैफलीची खोली चालणार नाही. त्यांना सरावाची खोली हवी, तासावर मिळणारी. घरी ड्रम वाजवला की शेजारी दार ठोठावतात आणि तिसऱ्या महिन्यात बँड मोडतो.

धा_तिरकिट

नक्की. १२ × १४ ची खोली पुरते. दोन गोष्टींत गल्लत करू नका, आतला आवाज चांगला करणं आणि बाहेर जाऊ न देणं. अंड्याचे ट्रे, फोम, पडदे हे पहिल्यासाठी. बाहेर जाणारा आवाज फक्त वजन आणि हवाबंदपणा थांबवतो. नऊ इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल तर ५० डेसिबलच्या आसपास अडवते. पण भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भोक राहिलं तर ती भिंत २० च्या वर अडवू शकत नाही. दाराखालची फट, एसीच्या पाइपचं भोक, खिडकीची झिरी यांतूनच सगळं जातं. म्हणून पैसे आधी दारावर घाला: भरीव फ्लश डोअर, चारी बाजूंना रबरी पट्टी, खाली उंबरठा. खिडकी असेल तर विटांनी बुजवा. हवेसाठी वळणाचा डक्ट, आतून फोम लावलेला. तळमजला निवडा, ड्रमचा धक्का स्लॅबमधून खाली जातो तो प्रश्नच मिटतो.

कुपवाड एमआयडीसीतला बंद शेड भाड्यानं मिळाला तर शेजाऱ्यांचा प्रश्न उरत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र आत विटेची खोली उभी करावी लागेल.

वखारभाग

एमआयडीसीवरून आठवलं. कंपन्यांच्या सीएसआरच्या (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) यादीत, म्हणजे कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, कला-संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला येतात. सतारमेकरांकडच्या शिकाऊंचं विद्यावेतन आणि वाद्यपेढी यात चपखल बसतात. पैसे घेणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकराची १२ए, ८०जी आणि सीएसआरचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी हवी. नव्या मंडळाकडे ती नसते, म्हणून पहिली दोन वर्षं एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करा. फक्त करार लेखी करा आणि खर्चाचं खातं वेगळं ठेवा.

हरिपूरकर

बाहेरचे कलाकार कधी बोलवायचे? दर महिन्याला गावचेच ऐकून लोक कंटाळतील ना?

खर्जपंचम

तीन महिन्यांतून एकदा बाहेरचा. आणि यात मिरज जंक्शनचा उपयोग करा. पुण्याहून बेळगाव-धारवाडला जाणारा कलाकार मिरजेवरूनच जातो. त्याचा शनिवारचा कार्यक्रम धारवाडला असेल तर गुरुवारी आपल्याकडे. प्रवासखर्च दोन गावांत वाटला जातो आणि मानधनही उतरतं. त्यासाठी बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, सातारा इथल्या मंडळांनी एकमेकांना तारखा तीन-चार महिने आधी कळवल्या पाहिजेत. एक सामाईक तक्ता पुरे.

बाहेरच्याच्या आधी गावचा एक कलाकार ४० मिनिटं गाईल, हा नियम. आणि सकाळी बाहेरच्या कलाकारानं मुलांसोबत दीड तास बसायचं, हे मानधन ठरवतानाच बोलून घ्यायचं. नंतर विचारलं की दोघांनाही अवघड होतं.

जवारी

शाळांचं एक. मुलांना नाट्यगृहात नेऊन दोन तास बसवू नका. दहा-बारा मुलांची तुकडी सतारमेकर गल्लीत न्या. भोपळा कापलेला, तबली बसवलेली, खुंट्या घालायच्या राहिलेल्या, अशा टप्प्यांवरची वाद्यं हातात द्या. घोडी बसवायच्या आधी आणि नंतर तार छेडून दाखवा. पाऊण तास पुष्कळ. कारागिराच्या वेळेचे पैसे द्या.

वखारभाग

मग नोव्हेंबरचा अर्ज लिहायला घेऊ या का? त्यात तीनच मागण्या ठेवतो: वापराविना पडलेला एक हॉल महिन्यातून एक संध्याकाळ आणि त्याआधीचा एक दिवस, वर्षाची २०,४०० रुपयांची तूट, आणि नाट्यगृहाच्या अंगणात हलगी शेकायची जागा. वाद्यपेढी आणि सरावखोली सीएसआरकडे.

खर्जपंचम

घ्या. पण आधी जागा. ज्यांच्या ओळखीत शाळेचा, वाचनालयाचा, मंगल कार्यालयाचा हॉल असेल त्यांनी इथे मोजमाप टाका: लांबी, रुंदी, उंची फुटांत, छत स्लॅबचं की पत्र्याचं, खिडक्या किती, पंखे किती, शंभर मीटरात दवाखाना आहे का, आणि २०१९ ला तिथे पाणी आलं होतं का. मी प्रत्येकाचा घुमण्याचा हिशेब करून देतो.

हरिपूरकर

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा एक आहे. ३४ × १९, उंची साडेदहा, स्लॅब, खिडक्या सहा, पंखे चार. पाणी वरपर्यंत आलं नव्हतं. दवाखान्याचं उद्या बघून सांगतो.

खर्जपंचम

घनफळ ६,८०० च्या आत. मोजमाप पटीत नाही, हे चांगलं. खिडक्या रस्त्याच्या बाजूला किती आणि मागे किती? पडदा कुठे लावायचा ते त्यावर ठरेल.